पंचाहत्तर किलोंचा स्वार



चंद्रपुरात हवेविषयी बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाने चिमणीवरच बोलावं, अशी अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. दुर्गापूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. भोवती कोळशाच्या खाणी, घुग्घुस-कोरपन्याकडे सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरला कागद. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ गुण पडले आणि आपण देशात चौथे आलो. वरचा नंबर आला म्हणून गावाने मान खाली घालावी, असा हा एकच निकाल असेल. त्या विषयावर आपल्याकडे पुष्कळ बोललं गेलं आहे आणि यापुढेही बोलावं लागेल. आज मात्र मी तुम्हाला आपापल्या मोटारसायकलच्या सायलेन्सरकडे वाकून बघायला सांगणार आहे. चिमणीचा धूर शेकडो फूट वर सुटतो, सायलेन्सरचा शाळकरी पोराच्या कमरेशी. देशात नोंदलेल्या वाहनांपैकी चारात तीन दुचाकी आहेत. त्यांच्या धुराचे नियम कोण ठरवतं, कशाच्या आधारावर ठरवतं आणि त्या आधारात आपण कुठे बसतो, एवढाच माझा विषय आहे.

आधी थोडे आकडे. ते कंटाळवाणे वाटतील, पण एका आकड्यात गंमत आहे, तिथपर्यंत सोबत चला.

भारतात दुचाकीच्या धुरावर पहिली मर्यादा आली १९९१ मध्ये. गाडीच्या वजनानुसार एका किलोमीटरला १२ ते ३० ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड चालत असे. म्हणजे मर्यादा नावालाच. १९९६ मध्ये ती साडेचार ग्रॅमवर आली, २००० मध्ये दोनवर, २००५ च्या बीएस-टूला (बीएस म्हणजे भारत स्टेज) दीडवर आणि २०१० च्या बीएस-थ्रीला एक ग्रॅमवर. या उतरंडीवरून टूस्ट्रोक गाड्या एकेक करून गडगडल्या. तेल-पेट्रोल मिसळून पाजायच्या, निळा धूर सोडायच्या, पण दोन पोती आणि एक माणूस घेऊन चढ चढायच्या त्या गाड्या. ज्यांनी एम-८० किंवा राजदूत चालवली आहे ते अजून हळहळतात. मी हळहळत नाही. त्यांच्या इंजिनात आत घेतलेल्या पेट्रोलचा मोठा भाग न जळताच मागून बाहेर पडायचा. आपण पैसे पेट्रोलचे मोजत होतो आणि त्यातलं बरंचसं हवेला पाजत होतो.

आता गंमत. एक ग्रॅमनंतर पुढची पायरी बीएस-फोर, एप्रिल २०१७ पासून सर्व दुचाकींना लागू. तिथे लहान दुचाकीची कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा किती असावी? १.४०३ ग्रॅम. म्हणजे नियम कडक करायला बसलेल्यांनी मर्यादा वाढवली! कागद वाचून कुणालाही वाटेल, कंपन्यांनी मध्ये हात मारला. तसं झालं नव्हतं. बदलली होती ती परीक्षा.

धुराची परीक्षा रस्त्यावर होत नाही, खोलीत होते. पुण्यात वेताळ टेकडीच्या उतारावर ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ पासून आहे, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. तिथल्या धुराच्या प्रयोगशाळेत गाडी जागेवरच धावते. मागचं चाक एका जाड लोखंडी रुळावर टेकवलेलं, समोर वारा मारणारा पंखा, सायलेन्सरला जोडलेली नळी. गाडीवर बसलेल्या माणसापुढे पडदा असतो आणि त्यावर एक रेघ सरकत असते. या सेकंदाला ताशी किती वेग हवा, हे ती रेघ सांगते. त्याने ॲक्सिलरेटर, ब्रेक आणि गिअर सांभाळून त्या रेघेवर राहायचं. ताशी ३.२ किलोमीटरपेक्षा जास्त इकडेतिकडे झालं आणि दोन सेकंदांत सावरता आलं नाही, तर चाचणी बाद. निघालेला धूर हवेत मिसळून पिशव्यांत भरतात आणि त्यातले वायू वेगवेगळ्या यंत्रांनी मोजतात. खोलीचं तापमान २० ते ३० अंश. आपल्या मे महिन्यात तिथे नेऊन बसवलं तर चंद्रपूरकर नियमाविषयी एक शब्द बोलणार नाही.

सगळा खेळ त्या रेघेचा. आपली जुनी रेघ, इंडियन ड्रायव्हिंग सायकल, १९८० च्या दशकात आपल्या शहरांमधली रहदारी पाहून आखली होती. १०८ सेकंदांचा तुकडा सहा वेळा चालवायचा. अंतर चार किलोमीटरला थोडं कमी आणि सर्वांत जास्त वेग ताशी ४२. त्या काळच्या पुण्याच्या लक्ष्मी रोडला ते शोभलंही असेल. पण बल्लारपूरहून चंद्रपूरला ड्यूटीवर येणारा पोरगा ४२ ने येतो का? बीएस-फोरपासून ती रेघ सोडून आपण जगाची रेघ घेतली. तिचं लांबलचक नाव थोडक्यात ‘डब्ल्यूएमटीसी’, म्हणजे मोटारसायकलसाठी जगभर एकच ठरवलेली चाचणी. दहा-दहा मिनिटांचे तीन भाग. लहान इंजिनाच्या गाडीला फक्त पहिला भाग आणि तोही वेग कमी करून. पण तो दोनदा, एकदा इंजिन थंड असताना आणि एकदा गरम असताना. मोठ्या गाड्यांना तिसऱ्या भागात १२५ पर्यंत वेग गाठावा लागतो. जुन्या रेघेवरचा एक ग्रॅम आणि नव्या रेघेवरचा १.४०३ ग्रॅम यांची तुलनाच होत नाही. मग २०२० च्या बीएस-सिक्समध्ये त्याच नव्या रेघेवर मर्यादा एक ग्रॅम झाली, नायट्रोजन ऑक्साइडला किलोमीटरमागे साठ मिलिग्रॅम उरले, आणि युरोपच्या युरो-५ ला आपण जवळपास त्याच वेळी गाठलं. पूर्वी मोटारींच्या बाबतीत आपण युरोपच्या दहा-दहा वर्षं मागे असायचो, हे लक्षात घेतलं तर ही झेप लहान नाही.

ही जगाची रेघ ठरते जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या एका मंचावर. १९५२ मध्ये सुरू झालेला हा मंच ‘डब्ल्यूपी-२९’ या रुक्ष नावाने ओळखला जातो. त्याच्याखाली दोन प्रमुख करार आहेत. १९५८ चा करार मुख्यतः युरोपचा. त्यात एका देशाने गाडी तपासून मंजूर केली की दुसऱ्याने ती मान्य करायची. अमेरिका त्यात आली नाही, कारण तिथे कंपनीच स्वतःच्या गाडीची हमी देते आणि खोटं निघालं तर सरकार मानगूट पकडतं. म्हणून १९९८ मध्ये दुसरा करार झाला. कोणाची मंजुरी कोणावर लादायची नाही, फक्त तांत्रिक नियम एकत्र बसून लिहायचे आणि मग प्रत्येकाने आपापल्या कायद्यात आणायचे. या कराराखालचा दुसराच नियम मोटारसायकलच्या धुराचा, २००५ चा, आणि तिसरा तिच्या ब्रेकचा. भारत २००६ मध्ये या १९९८ च्या करारात सामील झाला. १९५८ च्या करारात आपण आजही नाही.

इथे मला गडचिरोलीकडे वळावंसं वाटतं, आणि ते ओढूनताणून नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा तुम्हाला ठाऊक आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं, देवाजी तोफांचं गाव. त्या ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुन्हा बसून बोलायचा, सगळ्यांचं एक होईपर्यंत. १९५८ च्या करारात नियम बहुमताने होतात, आता त्यासाठी चार पंचमांश मतं लागतात. १९९८ च्या करारात मात्र जागतिक नियम मंजूर व्हायचा तर सर्वसहमती लागते. हजर असलेल्यांपैकी एकाने विरोधात मत दिलं तरी नियम अडतो. मेंढ्याच्या माणसाला जिनिव्हातली ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. उलट तो विचारील, की एवढे मोठमोठे देश सहमतीने चालतात, तर जंगलखात्याला ती एवढी जड का जाते?

सहमतीच्या सभेत नुसता हात वर करून भागत नाही. काय मोजलंत, ते दाखवावं लागतं. भारताने ते दाखवल्याचं उदाहरण चारचाकीत आहे. हलक्या गाड्यांची जागतिक चाचणी, डब्ल्यूएलटीपी, २०१४ मध्ये मंजूर झाली. ती आखण्यासाठी युरोप, जपान, कोरिया, अमेरिका यांच्याबरोबर भारतातल्या रस्त्यांवरही गाड्यांना नोंदयंत्रं लावून वेग टिपले होते. त्या नोंदींत दिसलं, की आपल्याकडच्या कमी ताकदीच्या गाड्या युरोपच्या गाड्यांसारख्या पळतच नाहीत. म्हणून गाडीची ताकद भागिले वजन असा हिशेब करून तीन वर्ग पाडले. किलोमागे २२ वॉट किंवा त्याहून कमी ताकद असेल तो पहिला वर्ग, आणि तो मुख्यतः भारतातल्या नोंदींवर उभा आहे. त्याचा सर्वांत जास्त वेग ताशी ६४ च्या आसपास. तिसऱ्या वर्गाचा १३१.

आपला जुना डिझेलचा छोटा हत्ती, तो मालवाहू टेंपो, घ्या. सोळा अश्वशक्ती, वजन आठशे किलोच्या घरात. किलोमागे पंधरा वॉट. मूल-सावलीच्या बाजारात भाजी उतरवणाऱ्या त्या गाडीसाठी जिनिव्हात स्वतंत्र वर्ग आहे, हे तिच्या ड्रायव्हरला माहीत नसेल, पण आहे. उलट ताडोब्याची जिप्सी घ्या. १२९८ सीसी, ऐंशी अश्वशक्ती आणि वजन हजार किलोच्या आत. हिशेब साठ वॉटच्या आसपास जातो, म्हणजे वर्ग तिसरा, जर्मन महामार्गांवरच्या मोटारींसोबत. आणि मोहर्लीच्या गेटातून आत गेल्यावर ती जन्मभर चालते ताशी वीसने, वाघ दिसला तर शून्याने. १९८५ मध्ये आलेली ही गाडी सुरक्षेच्या आणि धुराच्या नव्या नियमांपुढे टिकली नाही, २०१९ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी ती बंद झाली. ताडोब्याच्या कित्येक घरांची चूल तिच्यावर चालते, म्हणून जुन्या गाड्यांना जपून ठेवण्याची कसरत अजून चालू आहे. नियम चुकला, असं मी म्हणत नाही. पण जंगलाच्या आत सहा माणसं बसवून, वीसच्या वेगाने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासन्‌तास फिरणाऱ्या गाडीचा धूर किती, हे कुठल्याच वर्गाची रेघ सांगत नाही. तो धूर हुंगणारे प्राणी तर सभेला येतच नाहीत.

आपल्या मोटारींची परीक्षा मात्र अजून या जागतिक रेघेवर होत नाही. जुन्या युरोपीय रेघेची भारतीय आवृत्ती चालू आहे आणि तिचा वेग ९० वर कापलेला आहे. नव्या रेघेकडे वळायचं घाटतं आहे. तोवर नागपूरहून समृद्धी महामार्गावर चढलेली मोटार १२० च्या कायदेशीर वेगाने जाईल आणि तिच्या धुराचा दाखला ९० पर्यंतचाच असेल. निदान मोटारींना एप्रिल २०२३ पासून दुसरी एक परीक्षा लागली आहे. मागे यंत्र बांधून प्रत्यक्ष रस्त्यावर धूर मोजण्याची. ती का आणावी लागली, हे सांगायला नको. फोक्सवॅगनचं प्रकरण २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत फुटलं. प्रयोगशाळेत आहोत, हे ओळखून शहाण्यासारखं वागणारी आज्ञावली त्या गाड्यांत होती. त्यानंतर एआरएआयने इथल्या गाड्या रस्त्यावर तपासल्या आणि कंपनीला भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

दुचाकीला रस्त्यावरची परीक्षा नाही. त्याचं एक कारण खरं आहे. मोजण्याचं यंत्र कित्येक किलोंचं असतं, ते मोटारीच्या डिकीत मावतं. मोटारसायकलवर बांधलं की गाडीचं वागणंच बदलतं.

हे वजनाचं बोलता बोलता मी मूळ मुद्द्यावर येतो. जागतिक चाचणीत मोटारसायकलचं वजन धरताना गाडीच्या वजनात स्वाराचे ७५ किलो मिळवतात. एक माणूस, पंचाहत्तर किलोंचा, मागची सीट रिकामी, हाताला पिशवी नाही. असा स्वार गडचिरोली जिल्ह्यात मला दाखवा. मे महिन्यात तेंदूपत्ता जमा करायच्या फळीवर जाणाऱ्या गाडीवर नवरा, बायको, मध्ये पोर आणि हँडलला पाण्याचा डबा असतो. मोहाच्या हंगामात मागे पोतं, पोत्यावर माणूस. दिवाळीनंतर वडशाच्या मंडळ्यांची नाटकं सुरू झाली की रात्री नऊला ट्रिपल सीट निघून पहाटे पाचला ट्रिपल सीटच परत. ट्रिपल सीट बेकायदा आहे, ती मोजायची कशाला, असं कुणी म्हणेल. ठीक, सोडून देऊ. पण दोघं तर कायद्याने बसतात ना? दोन माणसांचे दीडशे किलो होतात. चाचणीत त्यातले निम्मेच आहेत.

त्याने काय होतं? आजच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा एका ठरावीक प्रमाणात राहावी, म्हणून धुराच्या वाटेवर ऑक्सिजन ओळखणारा सेन्सर बसवलेला असतो. एक भाग शुद्ध पेट्रोलला वजनाने पावणेपंधरा भाग हवा. हे प्रमाण टिकलं, तर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल या तिन्हींना आवरतो. पण ओझं घेऊन चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला की ताकदीसाठी जास्तीचं पेट्रोल सोडलं जातं, हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड भसकन वाढतो. चाचणीच्या रेघेवर, ७५ किलोंसह, लहान गाडीला पूर्ण पिळण्याची वेळ क्वचितच येते. एटापल्लीच्या घाटात ती मिनिटामिनिटाला येते. म्हणजे दाखल्यावरचा एक ग्रॅम खोटा नाही. तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

यावर काही मित्र म्हणतात, मग सोडा ती जिनिव्हाची रेघ, आपली रेघ आपण आखू. मला हे पटत नाही. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली मोटारसायकल युरोपात विकली जाते, वाळूजची आफ्रिकेत. प्रत्येक देशाने आपली वेगळी रेघ काढली, तर तीच गाडी दहा ठिकाणी दहा प्रकारे तपासावी लागेल आणि तो खर्च शेवटी गाडी घेणाऱ्याच्याच बोडक्यावर बसेल. शिवाय वेगळ्या रेघेचा अनुभव आपण घेतलेला आहे. ४२ च्या वेगाने पंचवीसेक वर्षं सगळ्या दुचाकी पास होत राहिल्या. देशात दोन इयत्ता ठेवण्याचाही अनुभव आहे. रघुनाथ माशेलकरांच्या समितीच्या २००२ च्या अहवालानंतर टप्पे ठरले, त्यात मोठ्या शहरांना कडक नियम आणि स्वच्छ इंधन आधी, उरलेल्यांना मागाहून. पैशाच्या दृष्टीने ते समजण्यासारखं होतं. २०१० मध्ये मोटारींसाठी बीएस-फोर तेरा शहरांत आलं. आपल्या राज्यातून मुंबई, पुणे आणि सोलापूर. प्रदूषणात चौथं आलेलं चंद्रपूर त्या यादीत नव्हतं. त्यानंतर मोटारींना एकच नियम देशभर एकाच दिवशी लागू झाला तो २०१७ आणि २०२० मध्ये, आणि त्यासाठीही सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं.

मार्च २०१७ चे ते दोन दिवस आठवत असतील. २९ तारखेला न्यायालयाने सांगितलं, १ एप्रिलपासून बीएस-थ्री गाडी विकायची नाही. देशात आठ लाखांवर गाड्या पडून होत्या, त्यांतल्या पावणेसात लाखांच्या आसपास दुचाकी. ३० आणि ३१ मार्चला शोरूमसमोर रांगा लागल्या, हजारो रुपयांची सूट, पाहिजे तो रंग मिळेना. स्वस्तात गाडी मिळाली म्हणून गावोगावचे लोक खूश झाले आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. पण शहराने नाकारलेला धूर कुठे जाऊन राहिला, हे गडचिरोलीच्या एमएच-३३ च्या नंबरप्लेटा बघत आलापल्लीच्या चौकात अर्धा तास उभं राहिलं की कळतं.

त्याच चौकाच्या आसपास एक मिस्त्री आहे, त्याच्याकडे मी बराच वेळ बसलो होतो. त्याच्या टपरीत एका खोक्यात कार्बोरेटरचे जेट, सुया, फ्लोट भरलेले होते. गाडी मिसिंग मारते म्हणून आणली, की पाच मिनिटांत कार्बोरेटर उघडायचा, जेट तोंडाने फुंकायचा, प्लग वाळूच्या कागदाने घासायचा, झालं. बीएस-सिक्सची गाडी आली की तो खोक्याकडे हात नेत नाही. मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागलेला असतो. कशाने लागला ते स्कॅनर जोडल्याशिवाय कळत नाही आणि स्कॅनर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. “दिवा कायले लागला ते गाडीले माहीत हाये, मले नाही सांगत ते,” असं तो म्हणाला. गिऱ्हाईक दिवा लागलेलाच ठेवून निघून जातं, कारण गाडी चालते ना! सेन्सर बिघडलेली गाडी चालते, फक्त प्रमाण सांभाळत नाही. त्यातून आडगावी पेट्रोल पंप दूर, म्हणून किराणा दुकानात ते बाटल्यांतून मिळतं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात सैल बुचाच्या बाटलीत पंधरा दिवस राहिलेलं पेट्रोल इंजेक्टरपर्यंत काय घेऊन जातं, ते त्या मिस्त्रीच्या फडक्यावर दिसत होतं. भारताने पेट्रोलमधलं गंधक दहा लाखांत दहा भागांवर आणलं, त्यासाठी रिफायनऱ्यांवर अफाट खर्च केला. शेवटचे चाळीस किलोमीटर मात्र ते प्लास्टिकच्या बाटलीतून जातं.

वापरातल्या गाडीसाठी आपल्याकडे पीयूसी आहे. उभ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालायची आणि रिकाम्या चालणाऱ्या इंजिनचा धूर बघायचा. २००० नंतरच्या जुन्या फोरस्ट्रोक दुचाकीला त्यात साडेतीन टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो. ओझ्याखालच्या धुराशी त्याचा काही संबंध नाही. 

तेव्हा मागायचं काय? रेघ बदला, असं मी मागणार नाही. दोन माणसांच्या वजनावर आणखी एक चाचणी आणि वापरातल्या दुचाकींची नमुना-तपासणी, एवढ्या दोन गोष्टी जागतिक नियमात बसवणं अवघड नाही. जिनिव्हाच्या नियमात देशांना पर्याय ठेवायची पद्धत पहिल्यापासून आहे. मोटारसायकलच्या नियमात सुरुवातीला फक्त चाचणीची रीत होती, मर्यादा नंतर आल्या आणि त्याही पर्यायांसह. दिवा लागल्यावर तो का लागला, हे सांगणारं साधं यंत्र कुठल्याही मिस्त्रीला मिळालं पाहिजे, हे तर आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिता येईल. त्यासाठी जिनिव्हाला जायची गरज नाही.

पण मागताना हातात नोंदी लागतात. छोट्या हत्तीचा वर्ग नोंदींमुळे झाला, भाषणांमुळे नाही. चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून आहे, गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्पाला विषय मिळत नाही, अशी तक्रार प्राध्यापक करतात. आलापल्ली ते भामरागड, धानोरा ते मुरुमगाव, मूल ते चंद्रपूर असे तीन रस्ते घ्यावेत. पावसाळा, तेंदूपत्ता आणि नाटकांचे दिवस असे तीन हंगाम. गाडीवर किती माणसं, किती वजन, दर सेकंदाला किती वेग, ॲक्सिलरेटर किती पिळलेला. वेग मोबाइलच्या जीपीएसवर टिपता येतो. वजनाला धान्यबाजारातला काटा पुरेल, आणि तेंदूपत्त्याच्या फळीवर गाडीसकट माणसं तोलायला कोणी हरकत घेणार नाही, फक्त आधी चहा पाजावा लागेल. एका वर्षात पुण्याला एआरएआयकडे पाठवण्याइतका ऐवज जमेल. पुण्याहून तो दिल्लीच्या समितीकडे आणि तिथून जिनिव्हाला कसा न्यायचा, याची वाट तयार आहे. भारताचे प्रतिनिधी त्या सभांना जातातच, त्यांच्या बॅगेत हे कागद टाकायचे आहेत.